परदेशातील सभा आणि बिननावाची पुडी

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठवा अध्याय आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेपुरता वाचलेला असतो. तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार. परिषदेचे ज्ञानवती आणि मूढ असे दोन प्रकार. त्यांचे पुन्हा सुहृद्, उदासीन आणि प्रतिनिविष्ट असे भेद. आणि त्यापुढे वादमार्गातील ४४ पदे. हे सारे पाठ करून गुण मिळविले, पदवी हाती आली, दवाखान्याची पाटी लागली, की या अध्यायाचे पान सहसा पुन्हा उघडले जात नाही. रोग्याच्या नाडीशी आणि औषधाच्या मात्रेशी त्याचा काय संबंध, असे आपणांस वाटते. आमचे मत याच्या उलट आहे. वैद्याने कोणत्या सभेत बोलावे, कोणत्या सभेत मौन पाळावे आणि बोलताना आपल्या पक्षाची स्थापना कशी करावी, हे आचार्यांनी चिकित्साशास्त्राच्या ग्रंथात सांगितले ते निष्कारण नव्हे. औषधावरील लोकांचा विश्वास जसा औषधाच्या गुणावर, तसाच वैद्याने लोकांना दिलेल्या उत्तरावर अवलंबून असतो.

या गोष्टीचा प्रत्यय आम्हांस काही वर्षांपूर्वी परदेशातील एका सभेत आला. त्या सभेची हकीकत पुढे सांगणार आहोत, ती गाऱ्हाणे म्हणून नव्हे. त्या सभेत जो प्रश्न अनुत्तरित राहिला, त्याचे उत्तर तेथील विद्यापीठात मिळण्यासारखे नव्हते. ते आपल्या पूर्णेसारख्या गावांतील दवाखान्यांत आणि फार्मसींत आहे. हे मत व्यवसायबंधू-भगिनींपुढे आणि औषधनिर्मात्यांपुढे ठेवावे, एवढाच आमचा हेतू आहे.

पूर्णेचा आणि परदेशाचा संबंध

पूर्णा हे जंक्शनचे गाव. मनमाड-परभणीकडून येणारा, नांदेडमार्गे सिकंदराबादेकडे जाणारा आणि वसमत-हिंगोलीवरून अकोल्यास जाणारा, असे लोहमार्ग येथे एकत्र येतात. अकोल्याचा मार्ग २००८ पर्यंत रुंद झाला आणि मीटर गेजच्या गाड्या इतिहासजमा झाल्या. रेल्वेच्या नोकरीमुळे बदली, बिऱ्हाड हलविणे, गाडीने डबा पाठविणे या गोष्टी या गावास नव्या नाहीत. फरक इतकाच की पूर्वी डबा नांदेडला किंवा अकोल्याला जाई, आज तो समुद्रापार जातो. येथली मुले पुण्यास वा हैदराबादेस शिकतात आणि पुढे अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक होतात. तिकडे लेक किंवा सून गरोदर राहिली की आई अथवा सासू सहा महिन्यांसाठी विमानात बसते. तिच्या बॅगेत काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू असतात, तशी आपण दिलेली औषधेही असतात. शतावरी कल्पाचा डबा असतो, बाळगुटीचे साहित्य असते, आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या काही पुड्या असतात. डब्यावर निदान लेबल असते. पुडीवर काहीच नसते.

ही पुडी परदेशात उघडली जाते तेव्हा तिच्याबरोबर आपला दवाखानाही तेथे उघडला जातो, ही गोष्ट आपण लक्षात घेतलेली नाही.

सभेत काय घडले

अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या संशोधन-प्रकल्पात आम्ही काही महिने काम केले. स्थलांतरित भारतीय कुटुंबे घरी कोणती पारंपरिक औषधे वापरतात, ती कोठून आणतात, कोणाच्या सल्ल्याने व किती दिवस घेतात, याची नोंद करावयाची आणि जे संमती देतील त्यांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण मोजावयाचे, असे कामाचे स्वरूप होते. त्यासाठी न्यू जर्सी राज्यातील एका गावी तेथील भारतीय रहिवाशांची सभा बोलाविण्यात आली. रविवारची दुपार होती. मराठी, गुजराती, तेलुगू मंडळी सहकुटुंब आली होती. प्रकल्पप्रमुखांनी पडद्यावर तक्ते दाखविले, संमतिपत्रातील कलमे वाचली आणि प्रश्न विचारण्यास सांगितले.

पहिल्या पाच मिनिटांतच सभेचे तीन तुकडे झाले. एका ज्येष्ठ गृहस्थांनी उभे राहून सांगितले की हा सारा पाश्चात्त्य औषध कंपन्यांचा डाव असून आमच्या प्राचीन शास्त्राची बदनामी करण्यासाठी तो रचलेला आहे. टाळ्या पडल्या. त्यावर एक तरुण अभियंता उठला आणि ही सर्व औषधे म्हणजे विष आहे, विमानतळावरच ती जप्त करावीत, असे म्हणाला. त्यालाही टाळ्या पडल्या. कोणते औषध, कोणत्या द्रव्याचे, किती मात्रेत, असा प्रश्न त्या दोघांनी एकमेकांस विचारला नाही आणि टाळ्या वाजविणाऱ्यांनीही विचारला नाही.

तिसरा तुकडा बहुसंख्य होता आणि त्याचे प्रश्न अगदी व्यवहाराचे होते. रक्ताचा अहवाल विमा कंपनीस कळेल काय? मुलाच्या रक्तात शिसे आढळले तर सरकारी माणसे घरी येतील काय? अहवाल आम्हांस मिळेल, की तुमच्या प्रबंधातच राहील? या प्रश्नांना प्रकल्पप्रमुखांकडून 'ते संमतिपत्रात लिहिलेले आहे' एवढेच उत्तर मिळाले. वास्तविक अमेरिकेतील बहुतेक राज्यांत रक्तातील शिसे वाढलेले आढळल्यास प्रयोगशाळेस ते आरोग्य विभागाला कळवावे लागते. त्यामागील हेतू शिक्षेचा नसून शिशाचा स्रोत शोधण्याचा असतो. हे दोन वाक्यांत सांगितले असते तर अर्धी सभा निर्धास्त झाली असती. आम्ही ते सांगू लागलो तेव्हा ज्येष्ठ गृहस्थ आणि अभियंता यांचा वाद पुन्हा पेटला होता, आणि ध्वनिक्षेपक त्यांच्या हाती होता.

या गदारोळात मागच्या रांगेतील एक वृद्ध बाई दोनदा उभ्या राहिल्या. त्यांना बोलावयास मिळाले तेव्हा त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली आणि म्हणाल्या, "सुनेला सातवा महिना लागलाय. ही पुडी देऊ का नको, एवढंच सांगा." अध्यक्षांनी हा वैयक्तिक प्रश्न असल्याचे सांगून पुढचा हात दाखविला. सभागृहाची वेळ संपली. संमतिपत्रांवर झालेल्या सह्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

सभेनंतर आम्ही त्या बाईंस गाठले. "काकू, यात काय आहे?" असे विचारले. "आमच्याकडच्या वैद्यांनी दिलंय, चांगला गुण आहे त्यांच्या हाताला," असे उत्तर मिळाले. त्या मराठवाड्यातीलच होत्या. पुडीत राखट रंगाचे सूक्ष्म चूर्ण होते. ते शंखभस्म असू शकत होते, वंगभस्म असू शकत होते, नागभस्मही असू शकत होते. अथवा यांपैकी काहीही नसून एखाद्या निरुपद्रवी वनस्पतीचे भस्म असू शकत होते. केवळ दर्शनाने आणि स्पर्शाने ते ठरविणे कोणाही वैद्यास शक्य नव्हते. ज्यांनी ते दिले त्यांचा दूरध्वनी लागला नाही. जोवर द्रव्य कळत नाही तोवर सुनेस देऊ नका आणि तिच्या प्रसूतितज्ज्ञास सांगून रक्तातील शिसे तपासून घ्या, असा सल्ला आम्ही दिला. तो योग्यच होता. परंतु त्या पुडीवर औषधाचे नाव असते तर तेच उत्तर अर्ध्या मिनिटात आणि निश्चितपणे देता आले असते. पुडी निर्दोष असती तर बाईंचा आणि त्या वैद्यांचाही मान राहिला असता.

वादाच्या मुळाशी असलेले आकडे

परदेशातील अशा सभांत जो क्षोभ दिसतो तो अकारण नाही. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात डॉ. रॉबर्ट सेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन शहराच्या परिसरातील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत, म्हणजे शेकडा २०, शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यावर आपल्याकडे मोठी खळबळ झाली. रसकल्पांत धातू असणारच, ते शोधित-मारित असतात, यंत्राला मूलद्रव्य दिसते परंतु त्याचे स्वरूप दिसत नाही, असे उत्तर आपण दिले. उत्तर निरर्थक नव्हते. पण अपुरे होते, हे पुढील अभ्यासाने दाखविले.

२००८ मध्ये याच नियतकालिकात त्याच संशोधकांनी इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ औषधांचा अहवाल दिला. त्यांतील सुमारे २१ टक्के औषधांत हे धातू होते. रसकल्पांत हे प्रमाण सुमारे ४१ टक्के होते, हे आपल्या उत्तरास धरून झाले. परंतु ज्यांत धातू मुळीच अपेक्षित नाहीत अशा काष्ठौषधींतही ते सुमारे १७ टक्के निघाले. त्रिफळेसारख्या निव्वळ वनस्पतिजन्य कल्पात शिसे आढळले तर त्याचे समर्थन रसशास्त्र करू शकत नाही. ते आले असेल ते मातीतून, रस्त्याकाठी वाळत घातलेल्या कच्च्या मालातून, एकाच यंत्रात आधी रसकल्प व मग चूर्ण दळल्यामुळे, किंवा कोणी मिसळलेल्या रंगातून. या अभ्यासातील आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेत बनलेल्या आणि भारतात बनलेल्या औषधांतील प्रमाण जवळजवळ सारखेच होते. दोष देशाचा नसून पद्धतीचा आहे, हे त्यावरून उघड होते.

आकड्यांमागे माणसे आहेत. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागास २०११-१२ मध्ये सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात वाढलेले शिसे आढळले आणि त्याचा माग भारतातून आलेल्या आयुर्वेदीय औषधांपर्यंत लागला. आयोवा राज्यातील आयुर्वेदीय औषधे घेणाऱ्या एका समुदायाचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ११५ जणांपैकी ४६ जणांच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक होते. शिसे अपरेतून गर्भापर्यंत पोचते, त्याने गर्भाच्या आणि बालकाच्या मेंदूची हानी होते, आणि शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे गर्भिणीस दिल्या जाणाऱ्या गर्भपाल रसाच्या प्रचलित पाठात नागभस्म आहे, हे वाचकांस माहीत आहेच. काकूंचा प्रश्न 'वैयक्तिक' म्हणून बाजूस सारण्याजोगा का नव्हता, हे यावरून ध्यानात यावे.

दोन्ही पक्षांची वितंडा

आता त्या सभेकडे विमानस्थानाच्या दृष्टीने पाहू. स्वतःच्या पक्षाची स्थापना न करता केवळ परपक्षाचे दोष दाखविणे, यास आचार्यांनी वितंडा म्हटले आहे. ज्येष्ठ गृहस्थांनी परकीयांचे दोष दाखविले, परंतु आपले औषध निर्दोष असल्याचा हेतू दिला नाही. परंपरा प्राचीन आहे हा तिच्या आदराचा हेतू होऊ शकतो, समोरील डबीतील गोळीच्या शुद्धतेचा नव्हे. अभियंत्याने आयुर्वेदाचे दोष दाखविले, परंतु शंभरातील ऐंशी औषधांत धातू आढळले नाहीत हा त्याच अभ्यासातील भाग त्याने वाचलेला नव्हता. एकाची श्रद्धा आणि दुसऱ्याची अश्रद्धा, दोन्ही कागद न पाहताच ठरलेल्या होत्या.

संशोधकांचा दोषही लहान नव्हता. लोकांस सभेस बोलवावयाचे, त्यांचे रक्त मागावयाचे आणि त्यांच्या शंकांस कलमांचा क्रमांक दाखवावयाचा, ही संधायसंभाषा नव्हे. तेथे जमलेली परिषद मुळात सुहृद् वा उदासीन होती. उत्तर न मिळाल्यामुळे ती प्रतिनिविष्ट झाली. लोकांना प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे आणि विद्वानावर उत्तराचे ऋण आहे, हे ज्याला मान्य नाही त्याने समाजात जाऊन संशोधन करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या बाबतीत आपल्याच एका मराठी भगिनीचे उदाहरण स्मरणीय आहे. आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेस जाणार हे कळल्यावर बंगालमधील सेरामपूर येथे, जेथे त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते, त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील महाविद्यालयाच्या सभागृहात त्यांनी जाहीर भाषण केले, तेव्हा त्यांस अठरावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. लोक जे प्रश्न विचारीत होते तेच त्यांनी एकेक करून सभेपुढे मांडले: अमेरिकेसच का, एकटीच का, परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर काय. आणि प्रत्येकाचे वेगळे उत्तर दिले. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या, आणि प्रबंधासाठी त्यांनी प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. परक्या विद्यापीठात आपले शास्त्र मांडण्याचे धैर्य ज्यांच्या ठायी होते, त्यांनी आधी आपल्या लोकांच्या प्रश्नांना सामोरे जाण्याचे धैर्य दाखविले होते. हा क्रम महत्त्वाचा आहे.

कागदाने जिंकलेले वाद

परदेशातील सभेत आयुर्वेदाचा पक्ष जिंकता येतो काय? येतो. हळदीचेच उदाहरण घ्यावे. जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचे एकस्व अमेरिकेने मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास दिले होते. आपल्या घरोघरच्या आजीस ठाऊक असलेल्या या उपयोगावर परक्याचा हक्क! संतापाची भाषणे पुष्कळ झाली. परंतु एकस्व रद्द झाले ते भाषणांनी नव्हे. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास रीतसर आव्हान दिले आणि ३२ लिखित संदर्भ पुढे ठेवले. त्यांत प्राचीन संस्कृत ग्रंथ होते, तसा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ चा शोधनिबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये एकस्व रद्द झाले. आजीचे ज्ञान खरे होते. पण ते ग्राह्य धरले गेले ते लिहिलेले होते म्हणून.

याच हळदीचे दुसरे उदाहरण शेजारच्या बांगलादेशातील आहे आणि ते अधिक अंतर्मुख करणारे आहे. तेथील ग्रामीण गरोदर स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा स्रोत शोधताना स्टॅनफर्ड विद्यापीठाचे आणि ढाक्यातील संशोधक हळदीपर्यंत पोचले. हळद अधिक पिवळी दिसावी म्हणून तीत लेड क्रोमेट हा रंग मिसळला जात होता. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संशोधक केवळ निबंध लिहून थांबले नाहीत. त्यांनी निष्कर्ष तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणापुढे ठेवले, व्यापाऱ्यांस सूचना गेल्या, बाजारात कारवाई झाली. बाजारातील हळदीच्या नमुन्यांत शिसे आढळण्याचे प्रमाण २०१९ मध्ये ४७ टक्के होते, ते २०२१ मध्ये शून्यावर आले. जेथे संशोधनाचे उत्तर लोकांपर्यंत परत गेले तेथे दोन वर्षांत चित्र पालटले.

हे पूर्णेच्या वाचकांस सांगण्याचे विशेष कारण आहे. अकोल्याच्या मार्गावर आपल्या शेजारचे वसमत हे हळदीचे मोठे केंद्र असून वसमत हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उत्तम हळद आपल्याला शेतकऱ्याच्या दारातून, शिजवून वाळविलेल्या अखंड गाठींच्या रूपात मिळू शकते. असे असता केवळ स्वस्त म्हणून दूरच्या बाजारातील, कोणाची हे न कळणारी दळलेली पूड औषधासाठी घेणे हे आपल्या फार्मसीस शोभणारे नाही.

आपण काय करावे

कायद्याची चौकट आपल्याकडे आहे. आयुर्वेदीय औषधांच्या उत्तम निर्मितीपद्धतीची अनुसूची टी २००० मध्ये लागू झाली. निर्यात होणाऱ्या वनस्पतिजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी केंद्र शासनाने १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य केली. दहा लक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग ही त्यातील कमाल मर्यादा. लेबलवर घटकद्रव्ये, बॅच क्रमांक, निर्मितीचा दिनांक आणि परवाना क्रमांक असावा आणि विषद्रव्ययुक्त कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना असावी, हेही नियमांत आहे. परंतु निर्यातीच्या या नियमाची नजर कंटेनरवर असते, काकूंच्या बॅगेवर नसते. पूर्णेहून औषध परदेशी जाते ते बहुधा बॅगेतूनच जाते. तेथे आपल्या विवेकाखेरीज दुसरा निरीक्षक नाही.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत.

पहिली सूचना वैद्यांस. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने निर्मितीच्या परवान्यातून सूट दिलेली आहे. ही सूट समाजाने वैद्यावर टाकलेला विश्वास आहे. परवान्यातून सूट म्हणजे नाव लिहिण्यातून सूट नव्हे. प्रत्येक पुडीसोबत एक चिठ्ठी द्यावी: कल्पाचे नाव, प्रमुख द्रव्ये, मात्रा, अनुपान, बनविल्याचा दिनांक आणि आपला दूरध्वनी क्रमांक. रुग्ण परदेशी जाणार असेल तर ती चिठ्ठी इंग्रजीतही लिहावी. आपले 'गुप्त' पाठ उघड होतील ही भीती काहींना वाटते. ज्या औषधाचे नाव सांगता येत नाही ते दुसऱ्याच्या गर्भिणी सुनेस देता येते काय, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा.

दुसरी सूचना चिकित्सेची. गर्भिणी, सूतिका आणि बालक यांना नागयुक्त कल्प देऊच नयेत, आणि जे रुग्ण प्रत्यक्ष देखरेखीत राहणार नाहीत त्यांना कोणतेही रसकल्प बांधून देऊ नयेत, असे आमचे मत आहे. काही ज्येष्ठ वैद्यांस हे रुचणार नाही याची आम्हांस जाणीव आहे. वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव, निरुत्थ या भस्मपरीक्षांवर आमचीही श्रद्धा आहे. परंतु त्या परीक्षा भस्म नीट सिद्ध झाले की नाही हे सांगतात. गर्भाच्या रक्तात शिसे किती पोचते हे त्या सांगत नाहीत. गर्भिणीच्या बाबतीत शंकेचा लाभ औषधास न देता गर्भास द्यावा. मृदु आणि सौम्य उपचाराचा जो आदेश शास्त्राने गर्भिणीसाठी दिला आहे, त्याच्याशीही हे सुसंगत आहे.

तिसरी सूचना फार्मसीचालकांस. रसकल्पांची आणि काष्ठौषधींची कुटाई-दळणाची यंत्रे वेगळी ठेवावीत. ते शक्य नसेल तेथे आधी काष्ठौषधी, मग यंत्राची पूर्ण सफाई, आणि तिची नोंद. कच्चा माल कोठून, कोणाकडून, कोणत्या तारखेस आला याची वही ठेवावी. प्रत्येक बॅचची तपासणी लहान फार्मसीस परवडत नाही ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय एकत्र येण्याचा आहे. तालुक्यातील चार-सहा फार्मसींनी हरीतकी, हळद, शतावरी, अश्वगंधा यांसारखी नित्याची द्रव्ये एकत्र खरेदी करावीत, त्या एकाच मालाची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जड धातूंसाठी तपासणी करून घ्यावी आणि प्रमाणपत्राची प्रत प्रत्येकाने दुकानात लावावी. नांदेड जवळ आहे. तेथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, शासकीय रसशाळा आहे. तेथील जाणकारांचे मार्गदर्शन घेण्यास संकोच नसावा.

चौथी सूचना नोंदीची. आयुर्वेदीय औषधांच्या अनिष्ट परिणामांची नोंद करणारी राष्ट्रीय व्यवस्था २००८ मध्ये जामनगर येथे सुरू झाली. आता तिचे समन्वयन नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे आहे. आपल्या औषधाने अपाय झाल्याची शंका आली तर ती दाबून न ठेवता कळवावी. अपायाची नोंद करणारे शास्त्र दुर्बळ ठरत नाही. आधुनिक वैद्यकाची प्रतिष्ठा त्याच्या औषधांना अपाय नसल्यामुळे निर्माण झालेली नाही. ते अपाय लिहून ठेवले जातात आणि वेळ पडल्यास औषध मागे घेतले जाते, यामुळे ती टिकून आहे.

या चार गोष्टींस फार मोठा खर्च नाही. चिठ्ठीला कागद लागतो, वहीला पेन लागते, एकत्र खरेदीस परस्परांवरील विश्वास लागतो. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत दुर्मिळ आहे हे आम्ही जाणतो. तथापि आपली संघटना ज्या हेतूने स्थापन झाली, त्यात ही गोष्ट बसत नसेल तर दुसरी कोणती बसेल?

परदेशातील सभा यापुढेही होत राहतील. तेथे आयुर्वेदाची निंदा करणारे असतील, अंध स्तुती करणारे असतील, आणि त्या दोहोंमध्ये आपल्याच गावची, खरा प्रश्न विचारणारी माणसे असतील. त्यांना उत्तर देण्यासाठी आपल्यापैकी प्रत्येकाने विमानात बसण्याची आवश्यकता नाही. आपल्या औषधाबरोबर गेलेली चिठ्ठी आपल्या वतीने तेथे बोलेल: हीच प्रतिज्ञा, हाच हेतू, हाच दृष्टांत. संघटनेच्या येत्या तालुका बैठकीत पुडीसोबत द्यावयाच्या चिठ्ठीचा एक समान नमुना आणि संयुक्त खरेदी-तपासणीची योजना, हे दोन विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावेत, अशी आमची पदाधिकाऱ्यांस नम्र विनंती आहे. ज्यांचे मत भिन्न असेल त्यांनी तेही लेखी पाठवावे. संधायसंभाषेचा आरंभ आपल्या घरापासून व्हावा, हे उचित होय.